अंधारातले तांबडे कूळ

वाई, आज

वाईच्या गणपती घाटाची शेवटची पायरी. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर तुमच्या पाठीशी आहे आणि धोम धरणातून सुटलेली कृष्णा समोरून वाहते आहे. पाण्यात पाय सोडून जरा न हलता बसलात, तर शेवाळलेल्या दगडाच्या कडेला काहीतरी सरकताना दिसेल. बोटाएवढा झिंगा. अंग इतके पारदर्शक की आतड्याची काळसर रेघ बाहेरून दिसते. तुमची सावली पडली की शेपटीचा एकच झटका देऊन तो मागच्या मागे दगडाखाली जातो. कृष्णेच्या खोऱ्यातल्या अशाच एका जातीला १९५२ मध्ये नदीचेच नाव मिळाले: मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्स.

आता एक प्रश्न मनात धरा आणि घाट सोडा. या झिंग्याचे जवळचे भाऊबंद कोण? कोकणच्या बाजारात मिळणारी मोठी कोळंबी? की समुद्रात हजार-दीड हजार फुटांखाली, जिथे दिवस आणि रात्र यांत फारसा फरक उरत नाही, तिथे राहणारे लालभडक झिंगे? उत्तरासाठी कृष्णेचे पाणी जाते तिकडे, पूर्वेला, जावे लागेल. आणि आजच्या तारखेतूनही बाहेर पडावे लागेल.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तीच जागा

घाट नाही, देऊळ नाही, कृष्णाही नाही. तुमच्या पायाखाली नुकताच थिजलेला काळा कातळ आहे आणि भेगांतून अजून वाफ येते आहे. लाव्हाचा एक थर निवतो, त्याच्यावर पुढचा पसरतो. पुढे याच थरांतून पाचगणीचे पठार आणि पांडवगड कोरले जाणार आहेत. दख्खनच्या या लाव्हाच्या सर्वांत वरच्या मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञ ‘वाई उपगट’ म्हणतात. जगभरच्या शोधनिबंधांत तुमच्या गावाचे नाव येते ते या कातळामुळे.

त्यातले काही प्रवाह इथेच थांबले नाहीत. जुन्या नद्यांच्या दऱ्या धरून ते पूर्वेकडे गेले. सुमारे १,००० किलोमीटरवर, आंध्रात राजमहेंद्रीजवळ, त्या काळच्या समुद्रकाठी त्यांचे थर आजही सापडतात. सह्याद्रीकडून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारी वाट कृष्णेहूनही जुनी आहे. त्याच वाटेने चालू लागा.

तुम्ही किनाऱ्याला पोचता तेव्हा त्या पाण्यात झिंग्यांचे घराणे नवखे नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सापडलेला एक झिंगा सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात दबलेला आहे. म्हणजे वाईचा कातळ तयार होत होता, तेव्हा या घराण्याच्या मागे तीस कोटी वर्षांचा इतिहास होता. मासे खात आहेत, समुद्राची पातळी वरखाली होते आहे, खंड सरकत आहेत, आणि हे जीव त्या सगळ्यातून तरून पुढे येत आहेत.

१८९० च्या सुमारास, बंगालचा उपसागर

पायाखाली लाकडी डेक डुलतो आहे. ही ‘इन्व्हेस्टिगेटर’, १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली चाकांची आगबोट. तिचे नेमून दिलेले काम किनाऱ्यांची मोजणी करून नाविकांसाठी नकाशे बनवण्याचे. त्यातून वेळ निघाला तर खोल पाण्यात जाळे सोडायचे. जहाजावरचा डॉक्टरच तिथला निसर्गतज्ज्ञ असतो आणि १८८८ पासून ही जागा आल्फ्रेड अल्कॉक नावाच्या तरुण डॉक्टरकडे आहे.

जाळे सोडून बराच वेळ झाला आहे. शेकडो फॅदम दोर खाली गेला, जाळे तळावरून ओढले गेले, आता यंत्र कुरकुरत तोच दोर परत गुंडाळते आहे. खलाशी कठड्याशी गोळा होतात. जाळे डेकवर रिते होते तेव्हा पहिल्यांदा येतो तो चिखल. त्यात हात घाला. वर ऊन तापलेले आहे, पण चिखल गार लागतो. तुमच्या हाताला लागते आहे ते सूर्य न पोचणाऱ्या तळाचे तापमान. बोटांनी चिखल बाजूला करा. आत समुद्रतारे आहेत, मऊ अंगाचे, मोठ्या डोळ्यांचे मासे आहेत, आणि झिंगे. घाटावरच्यासारखे पारदर्शक नव्हेत, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडे.

इतका लाल रंग अंधारात कशाला? आपल्या स्वयंपाकघरात कोळंबी शिजली की लाल होते, कारण तिच्या कवचात दडलेले रंगद्रव्य उष्णतेने मोकळे होते. या खोल पाण्यातल्या झिंग्यात तेच रंगद्रव्य जिवंतपणीच उघडे असते. ते त्याला खाण्यातून मिळते. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग समुद्राच्या वरच्या काही दहा मीटरांतच शोषला जातो; खोलवर उरतो तो निळा. निळ्या उजेडात तांबडे अंग काळे दिसते. डेकवर डोळ्यांत भरणारा हा रंग खाली गेल्यावर लपण्याचे साधन होतो.

रात्र होऊ द्या. अल्कॉक यांनी नोंदवलेला प्रसंग आता तुमच्यासमोर घडतो आहे. नुकतेच वर आलेले दोन जातींचे किरमिजी झिंगे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडले आहेत. एकाची प्रजाती हेटेरोकार्पस, दुसऱ्याची त्या वेळच्या नोंदीप्रमाणे ॲरिस्टीयस. क्षणभराने त्यांच्या अंगातून निळसर प्रकाशाचे ढग बाहेर पडतात आणि पाण्यात पसरत जातात. दिवा नाही, चंद्र नाही, तरी बादलीतली प्रत्येक वस्तू स्पष्ट दिसते. खालच्या अंधारात शत्रू चाल करून आला, तर त्याच्या तोंडासमोर असा उजेड फेकायचा आणि स्वतः काळोखात निसटायचे.

दोघेही तांबडे, दोघेही एकाच खोलीवरचे, दोघेही प्रकाश सोडणारे. तुम्ही सहज म्हणाल, हे सख्खे भाऊ असणार. तसे ठरवण्याआधी कलकत्त्याला चला.

१८९१, इंडियन म्युझियम, कलकत्ता

टेबलावर स्पिरिटच्या बरण्या आहेत. मद्यार्कात तांबडा रंग उतरून गेला आहे, आणि ते एका परीने बरेच झाले. रंग गेल्यावर बांधणीकडे लक्ष जाते. संग्रहालयाचे प्रमुख जेम्स वुड-मेसन भिंग पुढे सरकवतात. आता दोन्ही झिंगे शेजारी ठेवा आणि सावकाश पाहा.

आधी हेटेरोकार्पस. शेपटीकडच्या भागाचे खंड मोजा. दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी रुंद आहे. ती पुढे पहिल्या खंडावरही येते आणि मागे तिसऱ्यावरही. कल्ले उचलून पाहिलेत तर ते चपट्या पातळ पानांचे आहेत. मादी असेल तर अंडी पोटाखालच्या पोहायच्या पायांना चिकटलेली दिसतील. पिल्ले निघेपर्यंत ती त्यांना अंगावर वागवते.

आता ॲरिस्टीयस. इथे पहिल्या खंडाची पट्टी दुसऱ्यावर येते, दुसऱ्याची फक्त तिसऱ्यावर. चालायच्या पायांच्या पहिल्या तीनही जोड्यांच्या टोकाला नांग्या आहेत. कल्ल्यांना फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस कधीच सापडणार नाही, कारण ती अंडी सरळ पाण्यात सोडून देते.

उत्तर तुमच्या हातात आहे. हे दोघे भाऊ नाहीत. दशपाद गणाच्या दोन वेगळ्या शाखांवरचे हे जीव आहेत आणि त्या शाखा कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकींपासून फुटल्या. अंधारात जगायचे म्हणून दोघांनीही तांबडा रंग घेतला, दोघांनीही प्रकाश फेकण्याची युक्ती साधली, पण वेगवेगळ्या वाटांनी. आणि घाटावरचा तो झिंगा? त्याची मादीही अंडी पोटाशी धरते, त्याचाही दुसरा खंड दोन्हीकडे पसरतो. वाईच्या कृष्णेतला झिंगा नात्याने खोल समुद्रातल्या हेटेरोकार्पसला जवळचा आहे. ॲरिस्टीयसचे जवळचे नातेवाईक मात्र कोकणच्या बाजारातल्या मोठ्या कोळंबीत सापडतात.

कोण कुठे राहतो, कोणत्या रंगाचा आहे, कसा जगतो, यावरून नाते ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या न बदललेल्या बांधणीवरून ते ठरते. वर्गीकरणाचा सगळा कस इथे लागतो, आणि म्हणूनच या कामाबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

टेबलाच्या पलीकडे चौधरी आणि मंडल हे बंगाली चित्रकार बसले आहेत. ‘इन्व्हेस्टिगेटर’ने आणलेल्या प्राण्यांच्या सचित्र खंडांसाठी ते केसाएवढी शृंगिका आणि कवचावरचा प्रत्येक काटा जसाच्या तसा कागदावर उतरवत आहेत. पुढच्या शतकभर जगातले अभ्यासक जे पाहणार, त्यातले पुष्कळसे या बोटांतून आलेले आहे.

वुड-मेसन यांनी याच वर्षी, अल्कॉक यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या लेखनात, ॲरिस्टीयस आणि त्याच्या गोतावळ्याला वेगळे स्थान दिले. म्हणून आजही ॲरिस्टीडी कुळाच्या नावापुढे या दोघांचे नाव आणि १८९१ हे साल लिहितात. खोल समुद्रातल्या या कुळाची नोंद सुरू झाली ती मुंबईत बांधलेल्या जहाजामुळे आणि कलकत्त्याच्या टेबलावर.

१९३८, आणि पाण्याखाली ३५० मीटर

वुड-मेसन १८९३ मध्ये गेले. अल्कॉक यांनी १९०१ मध्ये भारतीय समुद्रातल्या खोल पाण्यातल्या झिंग्यांची सविस्तर सूची छापली. मग १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात फिरले. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे माजी संचालक. त्या मोहिमेतले झिंगे तपासून रमदान यांनी १९३८ मध्ये एका जातीला अल्कॉक यांचे नाव दिले: ॲरिस्टीयस अल्कॉकी.

तिला तिच्या घरी भेटायला चला. केरळच्या कोल्लमपासून पश्चिमेला, समुद्राचा उतार सुरू होतो तिथे, ३५० मीटर खाली. वरून येणारा उजेड जवळजवळ संपला आहे. पाण्यात प्राणवायू इतका कमी आहे की अनेक मासे इथे टिकतच नाहीत. गाळाच्या वर एक मादी संथपणे पोहते आहे. डोक्यापुढे लांब दातेरी काटा, डोळे मोठे आणि काळे. लहान शृंगिकेच्या दोन दोऱ्यांपैकी वरची अगदी आखूड. कूळ ओळखायची ही एक खूण आहे. लांब शृंगिका मात्र अंगाच्या कितीतरी पट मागे वाहत राहतात आणि पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळवतात.

जवळ नर येतो. तो तिच्याहून पुष्कळ लहान आहे आणि वयात आल्यावर त्याचा तो काटा आखूड झालेला आहे. दोघांना वेगवेगळ्या बरणीत पाहिले, तर नवखा माणूस दोन जाती समजेल. तो शुक्रजंतूंची पुडी मादीच्या पायांमधल्या उघड्या जागेवर चिकटवतो. वेळ आली की ती अंडी पाण्यात सोडते आणि तिचे काम संपते. अंड्यातून निघणाऱ्या सूक्ष्म डिंभाला अजून खंडही नीट नसतात. एकामागून एक कात टाकत, दर वेळी नवे अवयव मिळवत, तो तरंगत दूर जातो.

वरून सतत काहीतरी खाली पडते आहे: मेलेल्या प्लवकांचे कण, विष्ठा, कवचांचे तुकडे. या पावसावर गाळातले किडे आणि छोटे कवचधारी जगतात, आणि त्यांच्यावर हा झिंगा. पृष्ठभागावर मासे, वारे आणि मोसमी पाऊस जे काही करतात, त्याचा हिशेब शेवटी इथे चुकता होतो.

१९७६, पुन्हा वाई

गंगापुरीतली विश्वकोशाची कचेरी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड याच वर्षी बाहेर पडतो आहे. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. प्राज्ञपाठशाळेत शिकलेला आणि १९२३ मध्ये कलकत्त्याहून तर्कतीर्थ झालेला हा संस्कृत पंडित आग्रह धरतो की प्राणिशास्त्र, रसायन, स्थापत्य, सगळे मराठी माणसाला मराठीत वाचता आले पाहिजे.

टेबलाशी बसा आणि एखाद्या प्राण्याची नोंद कशी उभी राहते ते पाहा. आधी शब्द पक्के हवेत: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. हा क्रम सर्व नोंदींत एकच राहिला पाहिजे, नाहीतर खेकड्याच्या नोंदीतले कुल झिंग्याच्या नोंदीत गण होईल. मग मजकूर. प्राणी कुठे राहतो, काय खातो, त्याचे पाय किती, पिल्ले कशी वाढतात, त्याचा उपयोग काय. प्रत्येक वाक्य तपासले जाते, खोडले जाते, पुन्हा लिहिले जाते. समुद्रापासून दूर, कृष्णेच्या काठच्या गावात, माणसे समुद्रातल्या जिवांचे पत्ते लिहीत आहेत. वीस खंड पुरे व्हायला २०१५ साल उजाडले. महाराष्ट्राने स्वतःसाठी केलेल्या मोठ्या कामांत मी हे काम फार वर ठेवतो.

तुम्ही या टेबलाशी बसला आहात त्या वर्षीही ॲरिस्टीडी कुळाची जागा पक्की नव्हती. रमदान यांनी १९३८ मध्ये त्याला कोळंबीच्या पिनीडी कुळातच धरले होते. १९७८ मध्ये फ्रेंच अभ्यासक क्रॉनिए यांनी त्याला पुन्हा स्वतंत्र कूळ मानले, पण त्यात आणखी दोन गट सामावून घेतले. १९९७ मध्ये पेरेझ फार्फांते आणि केन्स्ली यांनी तेही वेगळे केले आणि कोळंबीच्या या साऱ्या गोतावळ्याची आज मान्य असलेली पाच कुळांची मांडणी पुढे आली. आपल्याकडे घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते, तेव्हा हरवलेली शाखा जोडली जाते आणि चुकून जोडलेली वेगळी होते. इथेही तेच घडत आले आहे, फरक इतकाच की हे घराणे स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

२०१२, मेक्सिकोचे आखात

खोलातून वर, उघड्या समुद्राच्या निळ्या पाण्यात या. १८२८ मध्ये लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी माशाच्या पोटात सापडलेल्या एका विचित्र प्राण्याचे वर्णन केले होते. जाड चिलखत, त्यावर शिंगे आणि गाठी. नाव ठेवले सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसा. तो पुन्हा पुन्हा माशांच्या पोटात सापडत राहिला. तो डिंभ आहे हे कळले, पण कोणाचा, हे कळेना. त्याचा प्रौढ कोणी पाहिलाच नव्हता. काहींना झिंग्यांच्या या कुळाचा संशय आला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

२०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात पकडलेल्या अशा एका डिंभाची जनुके प्रौढ झिंग्यांच्या जनुकांशी ताडून पाहिली गेली. ती जुळली प्लेसिओपिनीयस आर्मेटसशी, ॲरिस्टीडी कुळातल्या तांबड्या झिंग्याशी. समुद्राच्या पार तळाशी राहणारा हा प्रौढ १८८१ पासून शास्त्राला ठाऊक होता. आई तळाच्या अंधारात, मूल उन्हातल्या पाण्यात, आणि दोघांची नोंद दोन वेगळे प्राणी म्हणून. त्यांना एकत्र आणायला १८४ वर्षे लागली. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने नाव टिकते, म्हणून आता त्या प्रौढालाही डिंभाचेच नाव लागले.

बरणीतले नर-मादी वेगळे दिसतात, आई आणि मूल वेगळे दिसतात, आणि परके मात्र सख्खे वाटतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावर किती विसंबायचे, याचा धडा या एका कुळाइतका क्वचितच कोणी देईल.

आज, कोल्लमजवळचे बंदर

शेवटचा मुक्काम शक्तिकुलंगरा. ट्रॉलर धक्क्याला लागले आहेत. बर्फात ठेवलेले तांबडे ढीग टोपल्यांत उतरत आहेत. व्यापारी ॲरिस्टीयस अल्कॉकीला ‘रेड रिंग’ म्हणतात आणि तिला चांगला भाव देतात. जवळच हेटेरोकार्पस वुडमेसोनी आहे. भिंगाशी शेजारी बसलेल्या दोन माणसांची नावे इथे शेजारच्या टोपल्यांत आहेत, आणि त्या दोन झिंग्यांमधले अंतर कोट्यवधी वर्षांचे आहे.

हे अंतर धक्क्यावर कळणे अत्यंत गरजेचे आहे. एकीची मादी अंडी पोटाशी वागवते. ती जाळ्यात आली की अंडीही येतात. दुसरीची मादी अंडी पाण्यात सोडते, पण जाळ्यात येणाऱ्या मोठ्या ‘रेड रिंग’ बहुतेक माद्याच असतात, कारण नर लहान. दोघींसाठी जाळ्याच्या आसाचा आणि बंदीच्या महिन्यांचा विचार सारखा करून चालणार नाही. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे लोक बंदरावर उभे राहून जातवार नोंद घेतात. ‘खोल समुद्रातले झिंगे’ असा एकच आकडा लिहिला, तर त्यातली एक जात निम्म्यावर आली तरी एकूण वजन तेवढेच दिसू शकते, आणि ती घटली हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

नावे, कुळे, गण हे विद्यार्थ्यांच्या पाठांतरासाठी नसतात. कोणाला राखायचे आहे हे ठरवण्याआधी कोण कोण आहे हे माहीत असावे लागते. महाराष्ट्रालाही सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे आणि त्यापलीकडे अरबी समुद्राचा तोच उतार आहे. मासळी कमी होत जाईल तशी जाळी आणखी खोल जातील. त्याआधी तिथल्या जिवांची ओळख मराठीत, बोटीवरच्या तांडेलाला आणि शाळेतल्या मुलीला सारखीच समजेल अशी, लिहून झाली पाहिजे. वाईतून निघणारा विश्वकोश आता संकेतस्थळावर आहे आणि ज्ञानमंडळांच्या मार्फत त्याच्या नोंदी अद्ययावत होत आहेत. खोल समुद्रातल्या कुळांच्या नोंदी त्या यादीत वरच्या क्रमांकावर असाव्यात, आणि त्यांची पुढची आवृत्ती लिहिणाऱ्यांत कृष्णाकाठची मुले असावीत, असे मला मनापासून वाटते.